परभाषेतील दवाखाना

परमुलखात नव्याने राहावयास गेलेल्या माणसाला आपणांस तेथील भाषा येत नाही, ही गोष्ट पहिल्या काही महिन्यांत फारशी जाणवत नाही. बाजारात बोट दाखवून भाजी घेता येते. आगगाडीच्या डब्यात पुढल्या स्थानकाचे नाव दिव्यांच्या अक्षरांत उमटत असते. शेजारीण भेटली की मान लववून हसावे, म्हणजे उभयपक्षी समाधान होते. भाषेवाचून आपले काही अडत नाही, असा एक भ्रम या दिवसांत मनात घर करून बसतो. माझा तो भ्रम २०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एका सकाळी नाहीसा झाला. मला दिवस राहून आठ आठवडे झाले होते, आणि त्या सकाळी अंगावरून थोडे रक्त गेले.

आम्ही तेव्हा तोक्यो शहराच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागात राहत होतो. निशी-कासाई स्थानकाच्या आसपास हिंदी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि तीत मराठी माणसेही पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातून तेथे जाऊन जपानी नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक हे पुढे २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले, यावरून त्या वस्तीची कल्पना यावी. तेव्हा आपल्यापैकी कोणी सहज विचारील, की शेजारच्या एखाद्या जाणत्या मराठी बाईला बरोबर का नेले नाही? नेता आले असते. परंतु तीन महिने पुरे होईपर्यंत ही गोष्ट चारचौघांत बोलू नये, असे आईने बजावून ठेवले होते. जपानी बायकाही पाचवा महिना लागेपर्यंत, म्हणजे ज्याला त्या 'स्थिर काळ' म्हणतात तो सुरू होईपर्यंत, बहुधा मौनच पाळतात. शिवाय दुभाषी म्हणून जो बरोबर येतो, त्याला आपले सारे कळते. मागील पाळी केव्हा आली, पूर्वी काय झाले, घरात काय चालते, हे सर्व आधी त्याच्या कानी पडते आणि मग डॉक्टरांच्या. ज्या बाईशी उद्या भाजीच्या दुकानात गाठ पडणार, तिला हे सारे सांगण्यापेक्षा अर्धवट भाषेत अनोळखी डॉक्टरांना सांगणे मला सोपे वाटले. यजमान त्या आठवड्यात कचेरीच्या कामासाठी ओसाकाला होते. म्हणून मी एकटीच निघाले.

माझी त्या वेळची भाषेची शिदोरी अशी होती: जपानीच्या दोन्ही वर्णमाला मला वाचता येत होत्या, चिनी वळणाची चित्राक्षरे फार तर शंभर, आणि बोलण्याचे म्हणाल तर दुकानात, टपालकचेरीत लागतील तेवढी वाक्ये. वाटेत आणखी एका शब्दाची भर पडली. भ्रमणध्वनीवरच्या शब्दकोशात 'गर्भपात' या अर्थी जपानी शब्द मी शोधून काढला. तो होता 'ऱ्यूझान'. का शोधला, हे सांगता येत नाही. भीती वाटते त्या गोष्टीचे नाव आपण आधी विचारून ठेवतो, एवढेच. दवाखान्यात पोचेपर्यंत तो शब्द मला पाठ झाला होता.

जपानात अशा वेळी कोठे जावे, याचा उलगडा आधी करते, कारण नव्या माणसाची गफलत येथूनच सुरू होते. विलायतेप्रमाणे तेथे आधी घरगुती डॉक्टरांना भेटून त्यांची चिठ्ठी घ्यावी लागत नाही. गल्लीतल्या कोणत्याही दवाखान्यात थेट जाता येते. उलट मोठ्या रुग्णालयात चिठ्ठीवाचून गेले, तर जादा आकार पडतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून पहिल्या भेटीस तो कमीत कमी ७,००० येन आहे. तेव्हा शेजारचा दवाखाना हाच पहिला रस्ता. पाटीवर तीन शब्द दिसण्याचा संभव असतो. 'सान्‌का' म्हणजे प्रसूतीचा विभाग, 'फुजिन्‌का' म्हणजे स्त्रीरोगांचा, आणि 'सान्‌फुजिन्‌का' म्हणजे दोन्ही मिळून. केवळ 'फुजिन्‌का' लिहिले असेल, तर तेथे बाळंतपण होत नाही असे समजावे. आणि ज्यांना चित्राक्षरे वाचता येत नाहीत, त्यांच्या नशिबाने बहुतेक पाट्यांवर सोप्या वर्णमालेत 'रेडीस् कुरिनिक्कु' असेही लिहिलेले असते. इंग्रजी 'लेडीज क्लिनिक' या शब्दांनी जपानी वेष घेतला आहे, हे मोठ्याने वाचून पाहिल्यावर ध्यानात येते.

पायातले जोडे काढून सपाता घातल्या, विमापत्र खिडकीपाशी दिले, आणि हाती एक प्रश्नपत्रक आले. दोन्ही बाजूंनी भरलेले. बोलण्यात जी माणसे अडखळतात, त्यांना कागदाचे भय वाटते. मलाही वाटले. आता मागे वळून पाहता मला उलटेच वाटते. तोंडी प्रश्न वाऱ्यावर विरून जातो. छापील प्रश्न थांबतो, शब्दकोश उघडेपर्यंत वाट पाहतो. कानागावा प्रांतातील काही मंडळींनी तर निरनिराळ्या भाषांतून अशी प्रश्नपत्रके तयार करून ठेवली आहेत, त्यांत प्रसूती व स्त्रीरोग विभागाचेही आहे, आणि ते घरून भरून नेता येते. मला त्या दिवशी ते ठाऊक नव्हते.

पहिली अडचण आली जन्मवर्षाची. कागदावर इसवी सन नव्हताच. 'शोवा' की 'हेइसेइ', यांपैकी एका सम्राटाच्या कालखंडाभोवती वर्तुळ काढून त्यापुढे वर्ष घालावयाचे होते. माझा जन्म १९८५ चा, म्हणजे शोवा ६०. कोणी मला माझे जन्मवर्ष शालिवाहन शकात विचारले असते, तरी मी अशीच बोटे मोजत बसले असते. दुसरी गोष्ट खुणेची. आपण होकारासाठी बरोबरची खूण करतो. जपानी शाळेत तीच खूण मास्तर चुकलेल्या उत्तरावर करतात, आणि बरोबर उत्तराला वर्तुळ घालतात. म्हणून तेथे वर्तुळ काढावे, हे उत्तम.

त्याखाली एक प्रश्न होता, त्यापाशी माझा हात थांबला. त्यातील एक चित्राक्षर मी ओळखीत होते; बाहेरच्या पाटीवर तेच होते, 'सान', म्हणजे प्रसव. शब्दकोशाच्या साहाय्याने अर्थ लागला तो असा: गर्भ राहिला असल्यास मूल व्हावे अशी आपली इच्छा आहे काय? आहे, नाही, की अद्याप ठरले नाही? आपल्याकडे विवाहित स्त्रीला पहिल्या भेटीत कोणी हे कागदावर विचारणार नाही, आणि मला क्षणभर रागही आला. पण हा प्रश्न तेथे सगळ्यांना विचारतात. १९४८ च्या कायद्याने त्या देशात ठराविक अटींवर गर्भपातास मुभा मिळाली, आणि अनेक दवाखान्यांतून दोन्ही प्रकारच्या बायका एकाच बाकावर बसलेल्या असतात. तेव्हा डॉक्टरांना आधी हे ठाऊक असणे बरे. तोंडाने विचारावयाचा संकोच ते कागदावर टाकतात. माझा प्रश्न वेगळा होता. तीन उत्तरांपैकी माझे कोणते? चुकीच्या शब्दाला वर्तुळ पडले तर? पहिले उत्तर 'सुरु' या शब्दाने संपत होते, दुसरे 'शिनाय' या शब्दाने. तेथे मराठी मदतीला धावली. जपानी भाषेत नकार क्रियापदाच्या शेवटी येतो, आपल्यासारखाच, आणि त्या नकाराचा उच्चार आहे 'नाय'. आमच्या कोकणातल्या आजीचा 'नाय' अगदी हाच. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोन शब्दांचा काडीइतका संबंध नाही, हे मी जाणते. पण त्या वेळी तो शब्द मला आजीच्या तोंडून ऐकल्यासारखा ऐकू आला, आणि मी 'नाय' नसलेल्या उत्तराभोवती ठळक वर्तुळ काढले.

आठवड्यांचा हिशेब मात्र आपल्यापेक्षा निराळा निघाला. आपण म्हणतो नऊ महिने नऊ दिवस. जपानी लोक म्हणतात दहा महिने दहा दिवस. कारण दवाखान्यात त्यांचा गर्भाचा महिना अठ्ठावीस दिवसांचा धरतात. असे दहा महिने म्हणजे २८० दिवस, आणि आपले नऊ महिने नऊ दिवस म्हणजे २७९. दोन्हीकडच्या आज्यांनी हिशेब चोख ठेवला आहे. तरी 'कितवा महिना' असे कोणी विचारले, तर महिना सांगू नये, आठवडे सांगावेत.

मग नावाचा पुकारा सुरू झाला. 'कुरुकारुनी-सान' अशी हाक दोनदा आली, आणि ही कोण बाई उठत नाही म्हणून मीही इकडेतिकडे पाहू लागले. तिसऱ्यांदा परिचारिका माझ्यापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा कुलकर्णी या नावाची जपानी वर्णमालेत गेल्यावर ही गत होते, हे मला कळले. त्यांच्या भाषेत 'ल' नाही, आणि जोडाक्षरेही बहुतेक सोडवून उच्चारावी लागतात.

आत परिचारिकेने आधी दुखण्याची चौकशी केली. येथे मला जे दिसले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीत दुखणे सांगावयाचे म्हणजे मोठी कुचंबणा होते. एका 'पेन' या शब्दात सारे कोंबावे लागते. मराठीत तसे नाही. आपली जखम ठसठसते, डोके ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, डोळे चुरचुरतात. अर्थ बाजूला ठेवला, तरी नुसत्या आवाजावरून दुखण्याची जात कळते. जपानी भाषा याबाबतीत आपली सख्खी बहीण शोभेल. परिचारिकेने बोटे पोटावर ठेवून विचारले, 'चिकुचिकु?' आणि बोटाच्या टोकाने टोचल्यासारखे केले. मी मान हलवली. 'किरिकिरि?' आणि मूठ पिळली. ती कळ. तीही नव्हती. 'झुकिझुकि?' म्हणजे नाडीबरोबर उसळणारा ठणका. नाही. 'शिकुशिकु?' आणि या वेळी तिने हात पोटावर नुसता ठेवून हळूहळू फिरवला. मंद, सतत, आतल्या आत दुखत राहणे. होय, तेच. हाच शब्द ते मुसमुसत हळू रडण्यालाही वापरतात, असे मला नंतर कळले. परदेशी जाणाऱ्या भगिनींनी जपानी व्याकरणाच्या पहिल्या दहा धड्यांआधी हे चार शब्द शिकावेत, असे माझे मत आहे. रक्त किती गेले, हे सांगण्यासही तिने युक्ती केली. 'सेइरी', म्हणजे पाळी, तिच्यापेक्षा जास्त की कमी? 'सुकुनाय', कमी, हा शब्द मी वाण्याच्या दुकानात शिकले होते.

यानंतर तपासणीची खोली. जपानी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक पद्धत आहे, ती ठाऊक नसलेली परदेशी स्त्री पहिल्या वेळी दचकते. तपासणीच्या खुर्चीवर बसले की ती यंत्राने आपोआप वर चढते, मागे कलते, वळते, आणि बाईच्या कमरेवर एक पडदा ओढलेला असतो. पडद्याच्या अलीकडे तिचे डोके आणि हात, पलीकडे डॉक्टर. एकमेकांची तोंडे एकमेकांना दिसत नाहीत. हेतू चांगला आहे. लाज वाटू नये, नजरेला नजर भिडू नये. अनेक जपानी बायकांना हा पडदा हवाच असतो. मला मात्र लग्नातल्या आंतरपाटाची आठवण झाली. फरक एवढाच, की आंतरपाट दूर होणार हे ठरलेले असते.

या लाजेचा इतिहास तिकडे आणि इकडे एकाच काळात घडला आहे. जपानात आधुनिक वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८८५ मध्ये परवाना मिळवणारी पहिली स्त्री ओगिनो गिंको. नवऱ्याकडून जडलेल्या रोगासाठी पुरुष डॉक्टरांपुढे तपासणीस जावे लागले, त्या मानहानीतून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. त्याच सुमारास आमच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. कल्याणास त्यांचे तान्हे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले होते. पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. त्या महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत: लुगड्यात आनंदीबाई, किमोनोत जपानच्या ओकामी केइको, आणि तिसऱ्या सीरियाच्या. आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यास वारल्या. ओकामीबाई १८८९ मध्ये पदवी घेऊन तोक्योला आल्या, जिकेई रुग्णालयात स्त्रीरोगांवर उपचार करू लागल्या, आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी स्वतःच्या घरी दवाखाना काढला. सम्राटांच्या भेटीच्या वेळी स्त्री म्हणून त्यांना बाजूला ठेवले, हे त्यामागचे कारण सांगतात. या दोघी मैत्रिणी आपसांत कोणत्या भाषेत बोलत असतील? इंग्रजीतच; दोघींनाही परकी असलेल्या.

मी मात्र त्या खुर्चीवर असताना यातले काही आठवत नव्हते. ज्याला भाषा येत नाही, तो चेहरा वाचतो. दिवसभर बाहेर वावरताना माझे अर्धे समजणे समोरच्याच्या भुवयांवर, ओठांवर आणि हातांवर चाले. पडद्याने नेमके तेच काढून घेतले. उरला फक्त आवाज, आणि आवाजाची भाषा मला येत नव्हती. पलीकडे वृद्ध डॉक्टर काही म्हणाले, परिचारिकेने उत्तर दिले. मग शांतता. यंत्राची एक कळ वाजली. पुन्हा शांतता. आणि मग त्या न कळणाऱ्या प्रवाहातून एक शब्द वर आला: 'ऱ्यूझान'.

त्याच्याआधी आणखी काही शब्द होता, मागेही काही होते. मला ते ऐकूच आले नाहीत. सकाळी वाटेत पाठ केलेला तो एकच शब्द माझ्या ओळखीचा होता, आणि म्हणून तेवढाच मला मिळाला. मी छताकडे पाहत पडून राहिले. ओसाकाला हे कसे कळवावे, आईला कळवावे की नाही, एवढेच डोक्यात फिरत होते. परिचारिका माझ्या उशाशी येऊन काही विचारत होती, ते मला समजले नाही, आणि माझे डोळे वाहत होते हेही तिचा हात कपाळावर आला तेव्हाच मला कळले. तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि पडदा सरकन बाजूला ओढला.

पलीकडे डॉक्टर घाईघाईने दोन्ही हात हलवीत होते. त्यांनी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. करड्या धुरात एक काळी पोकळी होती, तीत भुईमुगाच्या दाण्याएवढे काही, आणि त्याच्या मध्यभागी काहीतरी लुकलुकत होते. फार जलद. देवघरातली समई वाऱ्यात फुरफुरते तसे. 'शिन्‌पाकु', ते म्हणाले, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग एकेक शब्द सुटा करून, मुलाला शिकवावे तसे म्हणाले, 'ऱ्यूझान... जा... नाय.'

नाय. गर्भपात नाय.

नंतर त्यांनी कागदावर चार चित्राक्षरे लिहून दिली, ती मी घरी येऊन सोडवली. डॉक्टर म्हणाले होते 'सेप्पाकु ऱ्यूझान'. 'ऱ्यूझान' यातले पहिले अक्षर प्रवाहाचे, दुसरे प्रसवाचे. वाहून जाणारा प्रसव. आपल्या सुश्रुतानेही चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेल्यास त्याला गर्भस्राव म्हटले आहे, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गेल्यास गर्भपात. म्हणजे लवकरच्या नाशाला त्यानेही वाहण्याचेच क्रियापद दिले. 'सेप्पाकु' म्हणजे दाराशी येऊन ठेपलेले. दोन्ही मिळून अर्थ होतो तो असा, की धोका दिसतो, पण गर्भ जागेवर आहे, आणि पुढे बहुधा सर्व नीट होते. पुढला शब्द मला कळला असता आणि मागला नसता, तर मी घाबरले नसते. घडले उलटे.

जपानी डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या पुण्यात, नागपुरात, इंदुरात हाच आजार डॉक्टर इंग्रजीत 'थ्रेटन्ड अबॉर्शन' म्हणून रुग्णपत्रिकेवर लिहितात, आणि ती पत्रिका वाचून घरी रडत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांतला 'अबॉर्शन' तेवढा त्यांना कळतो. त्यांना परदेशी जावे लागले नव्हते.

वैद्यकीयदृष्ट्या सांगावयाचे तर पहिल्या तीन महिन्यांत असे थोडेसे रक्त जाणे हे पुष्कळ गरोदर बायकांच्या बाबतीत घडते, आणि सोनोग्राफीत हृदयाचे स्पंदन दिसले की बहुसंख्य गर्भ पुढे वाढतात. जे गर्भ या काळात जातात, त्यांतले निम्म्याहून अधिक गुणसूत्रांतील दोषामुळे जातात. बाईने जिना चढला किंवा घागर उचलली म्हणून नव्हे. मला डॉक्टरांनी आठवडाभर 'आन्‌सेइ', म्हणजे पडून विश्रांती, सांगितली. जपानात ती नेहमी सांगतात. विश्रांतीने गर्भ टिकतो याला भक्कम पुरावा नाही, हे मी नंतर वाचले. परंतु त्या आठवड्यात मला कोणी जमिनीवर उभे राहा म्हटले असते, तरी मी राहिले नसते. मात्र रक्त पाळीपेक्षा अधिक जाऊ लागले, किंवा पोटात कळा येऊ लागल्या, किंवा एका बाजूस सणसणून दुखून घेरी आली, तर भाषेचा विचार न करता तत्काळ निघावे.

खिडकीपाशी पैसे देताना आणखी एक मौज कळली. जपानात १९६१ पासून प्रत्येकाला आरोग्यविमा आहे, आणि प्रौढ रुग्णाला सामान्यतः खर्चाच्या तीस टक्केच द्यावे लागतात. पण गरोदरपण हा आजार नव्हे, म्हणून साध्या तपासणीला विमा लागू होत नाही. त्यासाठी प्रभागकचेरी वेगळी सवलतपत्रे देते. 'सेप्पाकु ऱ्यूझान' हा मात्र आजार. ज्या शब्दाने मला रडवले, त्यानेच माझे बिल कमी केले. तेव्हाचे ते विमापत्र आता इतिहासजमा होत आले आहे. २०२४ च्या डिसेंबरपासून नवी विमापत्रे देणे बंद होऊन ते काम ओळखक्रमांकाच्या पत्राकडे गेले.

घरी पडल्या पडल्या मी एक कागद तयार केला, आणि तो पुढे प्रत्येक वेळी बरोबर नेला. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, इसवी सनात आणि जपानी वर्षातही. पूर्वीची बाळंतपणे, शस्त्रक्रिया. कोणते औषध सोसत नाही. घेत असलेल्या गोळ्यांची नावे. दुकानी नाव नव्हे, आतल्या द्रव्याचे, कारण आपल्या गोळीचे नाव तिकडे कोणी ऐकलेले नसते. आणि रक्तगट, त्यातही 'आरएच' ऋण की धन. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे आहे. जपानी लोकांत 'आरएच' ऋण रक्त दोनशेंत एखाद्याचे असते, आपल्याकडे शंभरांत सुमारे पाच जणांचे. ज्या बाईचे रक्त ऋण आहे, तिने रक्तस्राव झाला असता हे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण तिला एक वेगळी सुई लागण्याचा संभव असतो, आणि समोरच्या डॉक्टरांना ती गोष्ट आपल्याइतकी नेहमीची नसते.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. या वेळी यजमान बरोबर होते, पण ते बाहेरच्या बाकावर. स्पंदन ठीक असेल तर प्रभागकचेरीत जाऊन गर्भाची नोंद करावयाची आणि माता-बाल आरोग्यपुस्तिका घेऊन यावयाची, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. ही पुस्तिका जपानात १९४२ पासून आहे. युद्धाच्या टंचाईत ती दाखवून गरोदर बायकांना जादा शिधा मिळत असे. १९४८ मध्ये तीत बाळाचीही नोंद होऊ लागली. आज ती इंग्रजीसह कित्येक भाषांत, जपानीच्या जोडीने छापलेली मिळते, आणि डाव्या बाजूला आपली भाषा, उजव्या बाजूला त्यांची, असे पाहिले की दवाखान्यातल्या निम्म्या शंका बोट ठेवून विचारता येतात. मराठीत ती नाही. माझ्या इंग्रजी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी माझे नाव त्यांच्या वर्णमालेत लिहिले, 'कुरुकारुनी', आणि त्याखाली देवनागरीत.

पण ते नंतरचे. त्या दिवशी बाकावर बसले असताना हाक आली, आणि मी पहिल्याच हाकेला उठले. खुर्ची वर चढली, मागे कलली. तीच परिचारिका होती. पडद्याच्या दोरीला हात घालून ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'काअतेन् वा?' पडदा?

'आकेते कुदासाय,' मी म्हटले. उघडा ठेवा. तेवढी भाषा आता मला येत होती.